मे महिन्यात दुपारी दोन वाजता सावली कुठे पडेल?

दर वर्षी मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवसाच्या बातम्या येतात. पुण्यात १३-१४ मेच्या, मुंबईत १५-१६ मेच्या आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच गडप होते. मुलं गच्चीवर डबे, बाटल्या ठेवून फोटो काढतात. या गमतीत शहरासाठी एक गंभीर गोष्ट आहे. त्या वेळी वीस मजली इमारतीचीसुद्धा फुटपाथवर सावली पडत नाही. ऐन उन्हाळ्यात, ऐन दुपारी सावली हवी असेल तर ती देणारी वस्तू डोक्यावर आडवी पसरलेली लागते. म्हणजे एकतर छप्पर, नाहीतर झाड.

शहरात सावलीसाठी झाड लावायचं तर माझ्या मते एकच कसोटी पुरते: मे महिन्यात दुपारी दोन वाजता जिथे माणसं खरोखर उभी असतात किंवा चालतात, तिथे या झाडाची सावली पडेल का? बसस्टॉप, रिक्षा स्टँड, शाळेचं फाटक, भाजीवाल्यांची रांग, रेशन दुकानासमोरची जागा. कुठलं झाड लावायचं, कुठे लावायचं, पाणी किती वर्षं घालायचं, फांदी कुठून कापायची, हे सगळं मग या कसोटीवर घासून बघता येतं. ‘हरित परिसर’ वगैरे शब्दांनी ते होत नाही.

सावलीत गार का वाटतं

वेधशाळा जे तापमान सांगते, ते सावलीतल्या हवेचं असतं. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं. ‘आज ४१ अंश’ म्हणजे सावलीत ४१. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला त्याशिवाय आणखी दोन मार सोसावे लागतात. एक वरून थेट सूर्याचा आणि दुसरा तापलेल्या डांबराचा, भिंतींचा, गाड्यांच्या पत्र्याचा. उन्हातलं डांबर दुपारी ६० अंशांपर्यंत तापू शकतं आणि ती उष्णता खालून अंगावर येत राहते.

झाड हे दोन्ही मार अडवतं. ऊन वरच्या वर थोपवतं आणि खालचा रस्ताही तापू देत नाही. म्हणून एकट्या-दुकट्या झाडाखालच्या हवेचं तापमान मोजलं तर फरक जेमतेम एक-दोन अंशांचा निघतो, पण अंगाला जाणवणारा फरक कितीतरी मोठा असतो. ‘झाडाखाली दहा अंशांनी गार असतं’ असं जे सांगितलं जातं, ते हवेबद्दल खरं नाही. अंगावर पडणाऱ्या उष्णतेबद्दल बोलायचं तर त्यात तथ्य आहे.

दुसरं काम पानं करतात. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता लागते. पाणी नीट मिळणारं मोठं झाड उन्हाळ्यातल्या एका दिवसात १०० लिटर पाणी हवेत सोडू शकतं. म्हणजे ६७ युनिट उष्णता. दीड टनाचा एसी तासाला सुमारे पाच युनिट उष्णता खोलीबाहेर काढतो, तेव्हा हे त्याचं तेरा तासांचं काम झालं. शिवाय एसी ती उष्णता रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडावर सोडतो, ते वेगळंच.

पण यात एक अट आहे. जमिनीत पाणी नसेल तर झाड जीव वाचवण्यासाठी ती छिद्रं मिटून घेतं. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेलं झाड सावली देतं, गारवा फारसा देत नाही. आणि मुंबईसारख्या दमट हवेत या वाफेचा उपयोग नागपूर-अकोल्यापेक्षा कमीच. तिथे थेट सावली आणि वारा यांवरच भिस्त असते, त्यामुळे झाडाचा पसारा उंचावर हवा, खालून वाऱ्याला वाट हवी.

फुलं बघायची की सावली?

आपल्याकडे झाड निवडताना फुलांना फार मान मिळतो. गुलमोहर हा मूळचा मादागास्करचा पाहुणा मे महिन्यात लालभडक होतो, फोटोही सुंदर येतात. पण मार्च-एप्रिलमध्ये, ऊन कडक होत असताना, तो बहुधा उघडाबोडका उभा असतो. बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो तेव्हा त्याच्या अंगावर पानं नावापुरती असतात. पळस, पांगारा, काटेसावर फुलतात तेव्हा निष्पर्णच असतात. ही झाडं लावू नयेत असं अजिबात नाही. पक्ष्यांसाठी ती मोलाची आहेत, मोकळ्या मैदानाच्या कडेला, टेकडीवर जरूर लावावीत. बसस्टॉपवर मात्र नकोत.

सावलीसाठी झाडाचं वेळापत्रक बघावं लागतं. कडुनिंबाचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पानं गळतात आणि गुढीपाडव्याला आपण जी कोवळी पानं गूळ-जिऱ्याबरोबर वाटतो, ती नवी पालवी असते. एप्रिलअखेर झाड पुन्हा भरलेलं. करंजही तसाच. चैत्रात चकचकीत पोपटी पालवी फुटते आणि वैशाखात त्याच्याखाली गडद सावली असते. वड आणि पिंपळ मेपर्यंत दाट होतात. बकुळ, पुत्रंजीवा, जांभूळ, आंबा ही तर बाराही महिने हिरवी.

तरीही प्रत्येकाची एक खोड असते. जांभूळ रस्त्याकडेला लावलं की मे-जूनमध्ये फुटपाथ जांभळा आणि निसरडा होतो. आंब्याला कैऱ्या लागल्या की दगड सुरू होतात आणि खाली गाड्या उभ्या असल्या की भांडणं. वड-पिंपळ-उंबराला सोसायटीच्या कंपाउंडलगत जागा देऊ नये. मुळं भिंतीत आणि चेंबरमध्ये शिरतात, मग दहा वर्षांनी तेच झाड ‘धोकादायक’ ठरवून तोडायला अर्ज केला जातो. मैदान, मोठी बाग, चौक, रुंद रस्त्याचा कडेचा पट्टा ही त्यांची जागा. मध्यम जागेला करंज, बकुळ, ताम्हण चांगले. ताम्हण आपलं राज्यफूल, आणि उन्हाळ्यात तो फुलतो तेव्हा अंगावर पानंही असतात.

उंच, सडसडीत, फांद्या खाली लोंबणारा जो ‘अशोक’ बंगल्यांच्या आणि शाळांच्या भिंतीलगत रांगेनं दिसतो, तो सावलीच्या हिशेबात शून्य. त्याचा पसारा दोन हातांपलीकडे जात नाही. तो लोकप्रिय का आहे हेही उघड आहे: पार्किंगची जागा खात नाही, पाटी झाकत नाही.

देशी-विदेशी हा वाद इथे निघतोच. नवं लावताना मी देशीच्या बाजूचा आहे. पण उभ्या झाडांशी वैर धरण्यात अर्थ नाही. पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा, पण दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा शिवाजी पार्कच्या परिसरात रस्त्यावर जी हिरवी कमान दिसते, ती बरीचशी त्याचीच देणगी. मुंबईत गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावानं असे कितीतरी वृक्ष वाळले, आणि एकाच जातीवर रस्ते सोडण्याचा धोका तेव्हा लोकांना दिसला. एकच कीड आली आणि सगळी रांग गेली, असं होऊ द्यायचं नसेल तर एका रस्त्यावर तीन-चार जाती तरी मिसळाव्यात. भराभर वाढतो म्हणून लावला जाणारा कोनोकार्पस मात्र नव्यानं लावू नये. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली.

जागा आणि दिशा

मे महिन्यात सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जवळजवळ डोक्यावरून जातो. त्यामुळे पूर्व-पश्चिम रस्त्यावर झाडाची सावली दिवसभर त्याच फुटपाथवर पुढे-मागे सरकते. कुठल्याही बाजूला लावा, लाभ मिळतो. उत्तर-दक्षिण रस्त्यावर प्रकरण वेगळं आहे. तिसऱ्या प्रहरी ऊन पश्चिमेकडून येतं. पश्चिमेच्या फुटपाथला मागच्या इमारतींची सावली मिळू लागते, पूर्वेचा फुटपाथ मात्र भाजत राहतो. तिथे झाड भिंतीलगत लावलं तर सावली भिंतीवर पडणार, चालणाऱ्यावर नाही. ते रस्त्याच्या कडेला, म्हणजे फुटपाथच्या पश्चिम काठावर हवं. घरासाठीही हाच न्याय: एक झाड लावायला जागा असेल तर ते पश्चिमेला लावावं, संध्याकाळपर्यंत तापणारी भिंत झाकली जाते.

वर वीजतारा असतील तर मोठ्या जातीचं रोप लावून पुढे दर मे महिन्यात त्याचं डोकं उडवत बसण्यापेक्षा बकुळीसारखं संथ वाढणारं झाड बरं. मोठ्या झाडांत आठ-दहा मीटर अंतर ठेवावं. रोपं दाट लावली की ‘लागवड’ जास्त दिसते, एवढाच त्याचा फायदा.

खड्डा नव्हे, माती

सगळ्यात जास्त दुर्लक्ष मातीकडे होतं. झाडाची मुळं खोल खाली जातात असं आपण चित्रात बघतो. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि पसाऱ्याच्याही बाहेरपर्यंत आडवी धावतात. कारण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि ती वरच्या थरातच असते.

आता नेहमीचा तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा बघा. त्यात पाऊण घनमीटर माती मावते. मोठ्या वृक्षाला वीस-तीस घनमीटर लागते. पुण्यात अनेक ठिकाणी हातभर खाली घट्ट मुरूम लागतो. तिथे असा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली कुंडी. पावसाळ्यात पाणी तुंबून मुळं कुजतात, उन्हाळ्यात तीच मुळं खड्ड्यापुरती फिरत राहतात. झाड पाच-सहा वर्षं बरं चालतं, मग खुंटतं, आणि एखाद्या वादळात मुळासकट उपटून येतं. त्यामुळे खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करावा, कडा पहारीनं खरवडून सैल कराव्यात, आणि रांगेत झाडं लावायची असतील तर सुट्या खड्ड्यांऐवजी सलग चर घ्यावा. शेजारच्या झाडांना मग एकमेकांची माती वापरता येते. काळ्या चिकण मातीत पाणी जास्त वेळ थांबतं, तिथे थोडा मुरूम आणि भरपूर कुजलेलं खत मिसळावं.

वर पेव्हर ब्लॉक बसवायचेच असतील तर सांध्यांत सिमेंट न भरता वाळूवर बसवावेत, पाणी आत जातं. बुंध्याला गळफास लावल्यासारखं काँक्रीट तर नकोच. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, त्यानंतर इतर शहरांतही हा मुद्दा उचलला गेला. आपल्या गल्लीत एक चक्कर मारली तरी तो किती पाळला जातो ते कळतं.

रोप लावताना

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो आणि त्या दिवशी फोटोंसाठी रोपं लावली जातात. पाऊस बहुतेक ठिकाणी तोवर लागलेला नसतो. मेमध्ये खड्डे काढून उन्हात तापू द्यावेत आणि दोन-तीन दमदार पाऊस होऊन जमीन ओली झाली की रोप लावावं. म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत मुळांना तीन महिने मिळतात.

रस्त्यासाठी सहा-आठ फुटांचं, बोटापेक्षा जाड खोडाचं रोप घ्यावं. नर्सरीत उंची बघून भुलू नये, पिशवी बघावी. उंच रोप लहान पिशवीत बरीच वर्षं राहिलेलं असलं की मुळं आतल्या आत गोल फिरतात. पिशवी उभी कापा आणि मातीचा गोळा हातात घ्या. बाहेरून पांढरट मुळांची जाळी असेल तर ठीक, बोटांनी हलकेच मोकळी करा. पण तळाशी पेन्सिलएवढ्या जाड मुळाचा वेढा दिसला तर तो धारदार कात्रीनं कापलाच पाहिजे. तो तसाच राहिला तर जाड होत जातो आणि वीस वर्षांनी झाडाचाच गळा आवळतो. पिशवी न काढता रोप खड्ड्यात ठेवणारेही भेटतात. त्यावर काय बोलणार?

खोड जिथे मुळांकडे रुंदावतं, तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. खोडाला चिकटून मातीचा ढीग केला की साल कुजते. आधाराला बांबू मुळांच्या गोळ्याबाहेर ठोकावा, सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आणि सैल बांधावी, म्हणजे खोड वाऱ्यावर थोडं हलतं. हलल्यानंच ते मजबूत होतं. दोन वर्षांनी बांबू आणि लोखंडी जाळी, दोन्ही काढून टाकावं. खोडात रुतलेल्या जाळ्या शहरभर दिसतात, कारण जाळीवर देणगीदाराचं नाव असतं आणि ती काढण्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

तीन उन्हाळे

महाराष्ट्रात २०१९ साठी ३३ कोटी रोपांच्या लागवडीचं उद्दिष्ट होतं. अशा आकड्यांत रोपं मोजली जातात. पुढे सावली किती चौरस मीटर पडली हे कुणी मोजत नाही. नगरसेवकापासून सोसायटीपर्यंत हीच सवय आहे. शहरात लावलेलं रोप टिकणार की नाही, हे ठरतं पुढच्या तीन उन्हाळ्यांत.

रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर सावकाश मुरू द्यावं. वरवरच्या पाण्यानं मुळं वरच राहतात. खोडापासून हातभर अंतरावर बारीक भोकाचा माठ पुरून भरत राहिलं तरी चालतं. दुसऱ्या वर्षी पाण्याचं आळं मोठं करावं, कारण मुळं बाहेर सरकलेली असतात. बहुतेक माळी तेव्हाही खोडाशीच पाणी ओततात. बुंध्याभोवती चार बोटं जाडीचं पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं तर पाणी टिकतं. फक्त ते खोडाला टेकू नये. जो पाला झाडून जाळला जातो किंवा कचरागाडीत जातो, तोच इथे हवा असतो. मोठ्या सोसायट्यांत सांडपाणी शुद्धीकरणाचं पाणी उन्हाळ्यातही असतं, ते वापरावं. आरओचं टाकाऊ पाणी क्षारयुक्त असतं, ते एकाच झाडाला रोज घालू नये.

फांदी कुठून कापायची

पहिल्या काही वर्षांत खालच्या फांद्या थोड्या-थोड्या काढून झाडाला उंची द्यायची, म्हणजे फुटपाथवरच्या माणसाच्या आणि पुढे बसच्या वर पसारा जातो. एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त हिरवं काढू नये. जाड फांदी तीन वेळा करवत चालवून उतरवतात. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश चीर, मग तिच्या थोडं पुढे वरून पूर्ण काप, म्हणजे फांदी पडताना साल खोडापर्यंत सोलून निघत नाही. मग उरलेला खुंट कापायचा. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर कडी असते, तिच्या लगेच बाहेरून. कडी राखली तर जखम झाड स्वतः भरून काढतं, वर डांबर किंवा रंग फासायची गरज नसते. पावसाळ्याआधी कुऱ्हाडीनं एकाच बाजूचं सगळं उतरवणं हे छाटणीच्या नावाखाली चालतं. झाडाचा तोल जातो आणि पहिल्या जोराच्या वाऱ्याला ते दुसऱ्या बाजूला कलतं.

स्वतःच्या आवारातल्या झाडाला हात लावायलाही परवानगी लागते हे अनेकांना माहीत नसतं. महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा ‘तोडणे’ यात जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही धरतो. बुंध्यात ॲसिड ओतणं किंवा साल सोलणं हे त्यात आलंच. अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. तोडण्याची नोटीस झाडावर लावली जाते आणि त्यावर कुणीही नागरिक हरकत घेऊ शकतो.

२०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावण्याची अट घातली. ऐकायला कडक वाटते, पण हिशेब मांडून बघा. साठ वर्षांच्या झाडाचा पसारा १५ मीटर रुंद असेल तर तो सुमारे १७७ चौरस मीटर जमीन झाकतो. त्याबदली लावलेली साठ रोपं, प्रत्येकी मीटरभर पसाऱ्याची धरली, तर ४७ चौरस मीटर. तीही जगली तर, आणि बहुधा शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून नवीन शंभर रोपांपेक्षा उभं असलेलं एक झाड वाचवायला मी आधी धावेन.

त्याला खरा धोका कुऱ्हाडीपेक्षा जेसीबीचा असतो. केबल, गटार, पाइपलाइनचा चर बुंध्यालगत खोदला की आडवी मुळं तुटतात. वरून काहीच दिसत नाही, झाड तीन-चार वर्षांनी वाळतं किंवा पडतं, आणि दोष पावसाला जातो. जाणकार एक ठोकताळा वापरतात: छातीच्या उंचीवर बुंध्याचा जो व्यास असेल, त्याच्या बारापट अंतरात खोदू नये. व्यास ४० सेंटीमीटर असेल तर जवळपास पाच मीटर. अरुंद रस्त्यावर हे शक्य नसतं, पण मुळांखालून आडवं छिद्र पाडून पाइप नेता येतो, निदान हातानं खोदून जाड मुळं वाचवता येतात. खोदाई सुरू होण्याआधी ठेकेदाराशी बोलणं हाच त्यातला कळीचा भाग. चर बुजल्यावर काही उपयोग नसतो.

पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या झाडाकडे बघताना पोकळ बुंधा दिसला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. बाहेरचं लाकूड पुरेसं जाड असेल तर पोकळ झाडं वर्षानुवर्षं उभी राहतात. लक्ष द्यायचं ते बुंध्याशी उगवलेल्या कठीण, थाळीसारख्या बुरशीकडे, एका बाजूला जमिनीला पडलेल्या भेगांकडे, नव्यानं आलेल्या कलाकडे आणि दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात उतरलेल्या चिरेकडे. यातलं काही आढळलं तर वृक्ष अधिकाऱ्याला अर्ज करताना नुसतं ‘धोकादायक झाड तोडा’ असं लिहू नका. बुंध्याचा घेर, जात, काय दिसलं, ते कधीपासून दिसतंय आणि अलीकडे जवळ खोदाई झाली होती का, हे फोटोंसह लिहा आणि आधी तपासणी मागा. अनेकदा एक जड फांदी हलकी केली तरी काम भागतं.